लाकडाचे गाव, हाताचे गाव

मसाल्याच्या डब्यातल्या दालचिनीचे नाव फारसीतून आले आहे. 'दार' म्हणजे झाड किंवा लाकूड. 'दारचीनी' म्हणजे चीनचे लाकूड. चीनमधल्या एका झाडाची साल जुन्या व्यापारी वाटांनी इराणात जात असे, त्यावरून हे नाव पडले. पण आपण जिला अस्सल दालचिनी म्हणतो तिचे झाड श्रीलंकेचे आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याचे. देवघरातला चिनी कापूर मात्र खरोखरच मूळचा पूर्व आशियातल्या झाडाचा. गंमत अशी, की कापराचे हे झाड आणि दालचिनीचे झाड एकाच वनस्पतिकुळातले भाऊ. लोणच्याची चिनीमातीची बरणी मात्र बहुधा हिंदुस्थानातल्याच कारखान्यात भाजलेली असते. म्हणजे 'चिनी' हे विशेषण मराठीत कधी मालाचे मूळ सांगते, कधी त्याची जात सांगते, तर कधी नुसती त्याची प्रत.

हाच घोळ लाकडी सामानाच्या बाबतीतही आहे. पन्हाळा तालुक्यातले कोडोली हे जोतिबाच्या डोंगराच्या उत्तरेचे, वारणाकाठच्या उसाच्या पट्ट्यातले मोठे गाव. इथल्या आणि आसपासच्या जुन्या घरांत एखादी काळी, जड, पाठीवर भरगच्च कोरीवकाम असलेली खुर्ची दिसली, की घरचे लोक सांगतात, 'ही चिनी.' कोणी सांगतो पणजोबांनी मुंबईच्या लिलावात घेतली, कोणी सांगतो मिशनच्या साहेबाची होती. कोडोलीत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे ठाणे होते, त्यामुळे दारात कुठलीही परकी वाटणारी वस्तू आली, की ती साहेबाच्या नावावर टाकण्याची गावाला सवयच आहे.

या लेखाचे निमित्त अशाच एका घरातल्या चार वस्तू आहेत. दोन कोरीव पाठीच्या खुर्च्या, संगमरवराचा गोल तुकडा बसवलेली एक तिपई आणि कापराच्या वासाची एक मोठी पेटी. घरात चारही वस्तूंना मिळून 'चिनी सामान' म्हणत. वाटणी निघाली तेव्हा बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने फोटो पाहून हे सामान मिंग काळातले, चारशे वर्षांचे आहे, असे सांगितले आणि चारही वस्तू एकगठ्ठा मागितल्या. एका भावाला विकायचे होते. दुसऱ्याला ते घासून-पुसून चकाचक करून दिवाणखान्यात ठेवायचे होते. थोरल्या भावामागे राहिलेल्या वहिनींचा प्रश्न सरळ होता : "सर, ह्ये खरंच चिनी हाय का न्हाई, तेवढं सांगा." वाटणीत कोणाच्या वाट्याला काय जाते, ते या उत्तरावर ठरणार होते. माझा जन्म सुताराच्या घरातला आणि आयुष्य इतिहास शिकवण्यात गेलेले, म्हणून हे काम माझ्याकडे आले.

वहिनींचा प्रश्न एक असला, तरी त्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. हे लाकूड कुठले? हा हात कुठला? आणि हे काम केव्हाचे? व्यापारी, घरमालक आणि कधीकधी अभ्यासकही या तिन्हींचे उत्तर एकाच शब्दात देऊ पाहतात. पण लाकडाचे गाव एक आणि हाताचे गाव दुसरे, असे इतिहासात वारंवार घडले आहे.

कोडोलीपर्यंतची वाट

आधी एक शंका दूर करू. चीनमध्ये घडलेली वस्तू कोल्हापूरच्या एका खेड्यात येणे अशक्य आहे का? मुळीच नाही. मुंबई आणि कँटन ही दोन बंदरे शंभर वर्षांहून अधिक काळ एकमेकांशी घट्ट बांधलेली होती. हिरजी जीवनजी रेडीमनी १७५६ साली चीनला गेले, ते तिकडे जाणारे पहिले पारशी व्यापारी मानले जातात. जमशेटजी जीजीभॉय यांची पहिली चीनवारी १७९९ सालची. मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू जाई. तिकडून चहा, रेशीम, साखर, चिनी भांडी येत आणि त्यांच्यासोबत खुर्च्या, मेजे, पेट्याही येत. पारशी घरांतले गारा भरतकाम याच व्यापाराचे अपत्य. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून, अनुक्रमे १९२१ आणि १९३३ साली, ज्या चिनी आणि जपानी वस्तू आल्या, त्या पाहिल्या की त्या काळच्या धनिक मुंबईकराची आवड कळते.

लाकूडही उलट्या दिशेने प्रवास करत होते. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी सागवानाची जहाजे बांधली. त्यांपैकी 'कॉर्नवॉलिस' हे लढाऊ जहाज १८१३ साली पाण्यात उतरले आणि १८४२ साली पहिल्या अफूयुद्धाचा शेवट करणाऱ्या नानकिंगच्या तहावर त्याच जहाजावर सह्या झाल्या. चीनच्या इतिहासातला तो अपमानाचा दिवस आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सागवानावर उभा राहून पार पडला.

मुंबईतल्या मोठ्या घरांची श्रीमंती ओसरली, की सामान लिलावात जाई, तिथून मटन स्ट्रीटच्या चोरबाजारात. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि जहाजांवर कोल्हापूर-साताऱ्याकडची असंख्य माणसे होती. गावाकडे परतताना एखादी वस्तू सोबत येणे स्वाभाविक होते. म्हणून 'इथे चिनी वस्तू कशी येईल?' हा आक्षेप टिकत नाही. पण वाट होती म्हणजे वस्तू त्याच वाटेने आली, असेही सिद्ध होत नाही.

लाकूड काय सांगते

काळे लाकूड म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते. सह्याद्रीच्या ओलसर रानात, आपल्या राधानगरी-शाहूवाडीकडेही, वाढणारा शिसव हा पश्चिम हिंदुस्थानातल्या शिसवी सामानाचा मूळ पुरुष. शास्त्रीय नाव डालबर्जिया लॅटिफोलिया. उत्तरेकडचा शिसू किंवा शीशम हा त्याचा भाऊ, पण रंगाने तपकिरी. शिसवाचा गाभा जांभळट तपकिरी ते जवळजवळ काळा असतो, त्यातून गडद रेघा जातात. सालीलगतचा भाग पिवळट पांढरा असतो. हे लाकूड या भागात किती मोलाचे होते याचा अंदाज जुन्या राज्यकारभारातून येतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे १७१५च्या सुमारास, आरमारासाठी सागवानासारखे लाकूड परवानगीने तोडावे, पण रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, असा विचार मांडलेला आहे. तेव्हा करवीरकरांची गादी पन्हाळ्यावर होती. कोडोलीहून तो गड फार दूर नाही.

आता चीनकडे वळू. चीनमधल्या कठीण लाकडाच्या सामानाची कथाही परक्या रानांची आहे. १५६७ साली मिंग दरबाराने समुद्रव्यापारावरची बंदी सैल केली आणि आग्नेय आशियातले जड लाकूड चीनच्या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात येऊ लागले. संग्राहक ज्याला सर्वांत मानतात ते हुआंगहुआली म्हणजे मुख्यत्वे हैनान बेटावरचे सोनेरी-तांबूस लाकूड, तेही डालबर्जियाच. अठराव्या शतकात चांगले हुआंगहुआली दुर्मिळ झाले तेव्हा होंगमू, म्हणजे 'लाल लाकूड', या नावाखाली सयाम आणि आसपासच्या देशांतले शिसवाचे भाऊबंद वापरात आले. कँटनकडे त्यातल्या काहींना 'आंबट फांदी' अशा अर्थाचे नाव आहे, कारण कापताना त्याला आंबूस वास येतो. सर्वसामान्य घरांत मात्र उत्तरेला एल्म, दक्षिणेला कापूर आणि इतर स्थानिक लाकडे वापरात होती.

छिंग दरबारात सर्वांत मानाचे लाकूड होते झितान : जवळजवळ काळे, घोटले की रेशमासारखे दिसणारे. ते लाकूड म्हणजे आपले रक्तचंदन. रक्तचंदनाचे नैसर्गिक रान आंध्रातल्या कडप्पा-चित्तूरच्या डोंगररांगांत आहे. लहानपणी मुक्या मारावर आईने सहाणेवर उगाळून लावलेला तो लाल लेप आणि पेकिंगच्या राजवाड्यातले सिंहासन, ही दोन्ही एकाच झाडाची. तेव्हा कोणी 'अस्सल चिनी झितान' म्हणून सांगितले, तर लाकडापुरते तरी ते अस्सल आंध्राचे असते.

आधुनिक चीनने होंगमू कशाला म्हणावे याचे राष्ट्रीय मानक २००० साली केले. त्यात ३३ जातींची लाकडे होती. २०१७च्या सुधारणेत २९ राहिली. या यादीत आपला शिसवही आहे. म्हणजे सह्याद्रीतला शिसव चीनच्या बाजारात कायदेशीररीत्या 'होंगमू' ठरतो. नुसत्या नावावर विसंबणाऱ्याची इथे पुरती फसगत होते.

मग लाकूड ओळखायचे कसे? घरच्या घरी काही गोष्टी तपासता येतात. वजन ही पहिली. रक्तचंदनाची आणि सयामी शिसवाच्या चांगल्या तुकड्याची ढलपी पाण्यात बुडते. आपला शिसव जड असला तरी साधारणपणे तरंगतो. दुसरी गोष्ट रंगाची. रक्तचंदनाचा कीस स्पिरिटमध्ये टाकला तर लाल रंग भसाभस सुटतो. तिसरी वासाची. कापराच्या पेटीचा आतला कोपरा पॉलिश पेपरने हलकेच घासला, की पन्नास-साठ वर्षांनंतरही वास येतो. चौथी गोष्ट सर्वांत कामाची : रंग काळा असेल तर तो लाकडाचा आहे की वरून दिलेला? खुर्चीच्या खालच्या बाजूला, जिथे हात कधी जात नाही, तिथे पाहावे. साध्या लाकडावर काळा रंग देऊन आबनूस किंवा शिसव भासवण्याची युक्ती सगळ्या देशांत जुनी आहे.

दहापट मोठे दाखवणारे भिंग असेल तर आणखी एक पायरी चढता येते. लाकडाच्या आडव्या कापावर बारीक छिद्रे दिसतात. त्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. सागवानात दर वर्षाच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसते. शिसवात छिद्रे विखुरलेली असतात आणि त्यांना जोडणाऱ्या फिकट, नागमोडी रेघा दिसतात. उभ्या बाजूला बारीक, पाण्याच्या लहरींसारखे आडवे पट्टे दिसतात. हे शिसव आणि रक्तचंदन दोघांतही आढळतात. याच्या पुढे जायचे तर प्रयोगशाळा हवी. देहरादूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आणि बंगळुरूच्या लाकूड विज्ञान संस्थेत हे काम होते. पण तिथेही सूक्ष्मदर्शकाखालचा पातळ काप बहुतेक वेळा प्रजाती सांगतो, नेमकी जात नव्हे. हा शिसव सह्याद्रीचा की जावा बेटावरचा, हे नुसत्या कापावरून सांगता येत नाही. लाकूड रानाच्या दिशेने बोट दाखवते, तेही दुरून.

हात काय सांगतो

हाताची ओळख सांध्यात असते. माझ्या घरी शिकवण होती, की सुताराचे काम पाहायचे तर मेज उलटे करावे. वरचे कोरीवकाम गिऱ्हाइकासाठी असते, खालची बाजू सुताराची स्वतःची असते.

चिनी सुताराच्या कामाचा पाया कुसू आणि खाच. एका लाकडाच्या टोकाला जीभ ठेवायची, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच पाडायची. कुसू त्यात इतके चपखल बसते, की खिळा लागत नाही आणि सरस लागलाच तर नाममात्र. मेजाची चौकट चारही कोपऱ्यांवर तिरक्या कापाने जोडलेली, आणि मधली फळी त्या चौकटीतल्या खोबणीत सैल बसवलेली. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. सैल फळीला हलायला जागा मिळते, म्हणून ती तडकत नाही. फळीखाली आडव्या पट्ट्या असतात, त्याही खिळ्याने न ठोकता तिरक्या खोबणीतून सरकवलेल्या. पुष्कळ चिनी खुर्च्यांत पाय जोडणारा पुढचा दांडा सर्वांत खाली, बाजूचे त्याहून वर आणि मागचा सर्वांत वर असतो. जुन्या वस्तूंच्या खालच्या बाजूला कापड आणि रोगणाचा लेप देण्याचीही रीत होती. या सगळ्याचा पहिला मोठा पाश्चात्त्य अभ्यास गुस्टाव एके यांनी १९४४ साली पेकिंगमध्ये छापला. वांग शिश्यांग यांचा मोठा ग्रंथ १९८५ सालचा. वांग यांनी जमवलेल्या ७९ वस्तू आज शांघाय संग्रहालयात आहेत. सांध्यांचे शास्त्र आज आपल्या हाती आहे ते मुख्यतः या दोघांमुळे.

मुंबईचा शिसवी कारागीर वेगळ्या शाळेतला. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कोटातल्या मेडोज स्ट्रीटवर शिसवी सामानाची दुकाने प्रसिद्ध होती. खुर्चीचा आराखडा युरोपी : कमानदार पाठ, वळणदार पाय, वेताची बैठक, कधी पायांना चाके. त्यावर कोरीवकाम देशी हाताचे : द्राक्षवेली, पाने, पक्षी, सिंह, कधी देवदेवता, तेही आरपार जाळीदार. बैठकीची चौकट आतून स्क्रूने आवळलेली, आणि जिथे दिसत नाही तिथे शिसवाऐवजी सागवान वापरलेले. महागडे लाकूड दर्शनी भागावर वापरायचे, हा मुंबईच्या बाजाराचा हिशेब होता.

एक तिसरी शक्यता नेहमी विसरली जाते. कोलकात्यात कँटनी सुतारांची वस्ती होती. जहाजांवर आणि घरांत काम करण्यासाठी आलेले हे कारागीर बर्मी सागवानात काम करत. हात चिनी, लाकूड ब्रह्मदेशाचे, वस्तू हिंदुस्थानात घडलेली. हिला काय म्हणावे? एका शब्दाचा हट्ट धरला तर उत्तर चुकणारच.

नक्षीवरून निर्णय करणारे लोक ड्रॅगन दिसला की चीन म्हणतात. नक्षी हा सर्वांत कच्चा पुरावा, कारण नक्षी कागदावरून, भांड्यावरून, कापडावरून कोणीही उचलतो. तरी चिनी घरगुती चिन्हांची काही भाषा आहे. वटवाघूळ हे तिथे शुभ, कारण त्याच्या नावाचा उच्चार 'भाग्य' या शब्दासारखा आहे. आपल्याकडच्या कारागिराने वटवाघूळ आपणहून कोरले असते, असे मला वाटत नाही.

वय काय सांगते

वयाचा नियम साधा आहे : कोणतीही वस्तू तिच्या सर्वांत नव्या मूळ भागाहून जुनी असू शकत नाही. 'मूळ' हा शब्द महत्त्वाचा, कारण दुरुस्तीतला स्क्रू नवा असला म्हणजे खुर्ची नवी ठरत नाही. मूळ स्क्रूच्या भोवतीचे लाकूड काळवंडलेले असते आणि त्याच्या शेजारी जुने रिकामे भोक नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाकडाच्या स्क्रूचे टोक बोथट असे. यंत्रावर बनलेले अणकुचीदार टोकाचे स्क्रू त्यानंतर सर्वत्र झाले. फुलीच्या डोक्याचा स्क्रू १९३०च्या दशकानंतरचा. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडचे, त्याआधीचे चौकोनी. प्लायवूड आढळले की विसावे शतक आले. करवतीच्या खुणाही बोलतात : गोल करवतीच्या कमानदार, पट्टा-करवतीच्या सरळ आणि समान अंतराच्या, हातकरवतीच्या तिरक्या आणि असमान. पण इथे आपल्या भागासाठी एक इशारा. आपल्याकडे आरा ओढणारी जोडी, एक वर उभा, एक खाली, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावोगावी काम करत होती. तेव्हा हातकरवतीची खूण दिसली म्हणून वस्तू दोनशे वर्षांची ठरत नाही. इंग्रजी पुस्तकांतले कोष्टक कोल्हापूरला जसेच्या तसे लागू पडत नाही.

झीज खोटी पाडता येते, पण ती योग्य जागी पाडणे कठीण असते. पाय ठेवण्याचा दांडा मधोमध झिजतो, हातांची टोके गुळगुळीत होतात, मागचे पाय पुढच्यांपेक्षा जास्त घासतात. सगळीकडे सारखी झीज दिसली तर संशय घ्यावा. गोल मेजाचा व्यास दोन दिशांनी मोजावा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने अधिक आक्रसते, म्हणून जुने गोल मेज किंचित लंबगोल झालेले असते.

कार्बन चौदाच्या चाचणीबद्दल लोकांची अपेक्षा अवास्तव असते. ही चाचणी झाड वाढले तो काळ सांगते, सुताराने हत्यार लावले तो नव्हे. दोनशे वर्षांच्या झाडाच्या गाभ्यातून काल खुर्ची केली, तरी चाचणीत ती दोनशे वर्षांची दिसेल. शिवाय साधारण १६५० ते १९५० या काळासाठी वातावरणातल्या चढउतारांमुळे उत्तर एवढे पसरट येते, की उपयोग थोडा. ती एका बाबतीत मात्र धारदार आहे : १९५०च्या दशकानंतरच्या अणुचाचण्यांची खूण नंतर वाढलेल्या लाकडात राहते. म्हणजे 'मिंग' म्हणून विकलेली नवी नक्कल त्यातून पकडली जाऊ शकते.

कोडोलीच्या चार वस्तू

आता या कसोट्या त्या चार वस्तूंना लावू. दोन्ही खुर्च्यांची पाठ आणि हात शिसवाचे. ढलपी पाण्यावर तरंगली, भिंगाखाली नागमोडी रेघा दिसल्या. बैठकीची आतली चौकट सागवानाची. तिला आवळणारे स्क्रू अणकुचीदार, गंजलेले, भोवतीचे लाकूड काळवंडलेले आणि दुसरे भोक नाही. नक्षीत द्राक्षवेल आणि पक्षी. म्हणजे या १८५०नंतरच्या, घडणीवरून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, मुंबईच्या शिसवी खुर्च्या. लाकूड इथले, हात इथला.

तिपईत धातूचा तुकडा नाही. संगमरवर चौकटीतल्या खोबणीत सैल बसलेला, चौकटीचे तुकडे तिरक्या कुसूने जोडलेले, खालच्या बाजूला गडद रोगणाचा अंश, कडेला आलुबुखाराची फुले आणि दोन वटवाघळे. ढलपी बुडाली. व्यास दोन दिशांनी मोजला तर तीन मिलिमीटरचा फरक. ही खरी चिनी वस्तू : कँटनकडे घडलेली, छिंग काळाच्या उतरणीची, म्हणजे मिंगहून किमान दोनशे वर्षे अलीकडची. तिचे लाकूड बहुधा सयामकडचे.

पेटी कापराची, यात शंका नाही. तिच्यावर जहाजे, पूल आणि छत्र्यांसारख्या छपरांचे मनोरे कोरलेले. तळाला गोल तारेचे खिळे, आणि आतल्या बाजूला फाटलेल्या कागदावर इंग्रजीत 'हाँगकाँग' एवढी अक्षरे. अशा पेट्या विसाव्या शतकात खलाशी, सैनिक आणि प्रवासी यांच्यासाठी मोठ्या संख्येने बनत. घरातले एक चुलत आजोबा मुंबईहून जहाजावर नोकरीला होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण पेटीचा संबंध कोणी त्यांच्याशी जोडला नव्हता, कारण पेटी 'जुनी चिनी' म्हणजे कोण्या राजेरजवाड्याची, असेच सगळे धरून चालले होते.

चारशे वर्षांचे काहीच निघाले नाही. व्यापाऱ्याला हे कळल्यावर त्याची घाई ओसरली. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि शिसवासह सगळा डालबर्जिया २०१७पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आहे, हेही घरच्यांना सांगितले. खुर्च्या विकू पाहणाऱ्या भावाकडे गेल्या, पण आपल्याकडच्या सुतारांनीच असे काम केले हे ऐकल्यावर त्याने विकायचे लांबणीवर टाकले. तिपई धाकट्याकडे गेली. चकाचक करण्याचा बेत त्याने सोडला. एका खुर्चीचा एक हात मात्र त्याआधीच पॉलिश पेपरखाली जाऊन गेला होता. तिथली दीडशे वर्षांची हातांची झीज आणि लाखेचे पॉलिश आता नाही. उरलेल्या तीन हातांवरून तिचा अंदाज करता येतो, एवढेच. जुन्या वस्तूवर कोरडे मऊ फडके पुरे; फार तर थोडे मेण. नवे चकचकीत पॉलिश म्हणजे दस्तऐवजावर चुना फासणे.

'चिनी' हा शब्द इथे कोणाचे नुकसान करतो, तेही सांगायला हवे. चीनच्या कारागिराचे तो फारसे करत नाही. त्याच्यावर ग्रंथ आहेत, संग्रहालये आहेत. नुकसान होते ते मेडोज स्ट्रीटवर बसून शिसवात द्राक्षवेल कोरणाऱ्या माणसाचे. त्याने खुर्चीवर सही केली नाही. त्याच्या कामाला आपणच परदेशी नाव दिले, कारण एवढे बारीक काम आपल्याकडचे असेल यावर आपला विश्वास नव्हता.

वाटणीनंतर प्रत्येक वस्तूच्या खालच्या बाजूला मी एक चिठ्ठी चिकटवली. प्रत्येकीवर चार ओळी : लाकूड, हात, काळ, घरात कशी आली. खुर्च्यांवर आणि तिपईवर चौथी ओळ 'मुंबईहून, खरेदीचा कागद नाही' एवढीच आहे. पेटी वहिनींकडे गेली. तिच्या चिठ्ठीवर त्यांनी चुलत आजोबांचे पूर्ण नाव आणि त्यांच्या जहाजाचे नाव लिहायला लावले. मग गोधड्या परत पेटीत भरल्या.